गाणी सोलणारा माणूस

माझा त्या संगीताशी काडीचा संबंध नाही, हे आधीच सांगून टाकते. हेवी मेटल म्हटलं की मला अजूनही भंगारवाल्याची हातगाडी आठवते. पण रत्नागिरीत काढलेल्या वर्षांत एका माणसापायी ते माझ्या कानांवरून इतकं गेलं, की आज कुठे रिक्षात तसलं गाणं लागलं तर मी नकळत त्याच्या तळाशी घुमणारा बेस गिटारचा खर्ज शोधायला लागते. सापडला नाही की बेचैन होते. या वयात असल्या सवयी लागू नयेत माणसाला.

ते माझे घरमालक. मी कराडची, बदलीवर आलेली, सरकारी कचेरीत तक्रारींच्या टेबलावर बसणारी एकटी बाई. दिवसभर लोकांचं ऐकून घ्यायचं, मान डोलवायची आणि "बघते हं" म्हणायचं, ही माझी नोकरी. संध्याकाळी घरी आले की मला टीव्हीसुद्धा नको असायचा. म्हणून मी शहरातल्या खोल्या सोडून भाट्याच्या पुलापलीकडे, आंब्याच्या बागेतल्या एका घराची माडी भाड्याने घेतली. मालकीणबाईंनी, म्हणजे वहिनींनी, मला स्वतः सांगितलं होतं, "आवाज म्हणशील तर झावळी पडते तेवढाच गो इथे. बाकी शांत." वहिनी केळशीच्या. खोटं बोलताना त्यांचा आवाज फार गोड व्हायचा, हे मला नंतर कळलं.

पहिल्याच संध्याकाळी घराच्या मागून सुरू झालं. ढब. ढब-ढब. ढब. कोणीतरी गादी बडवत असावं तसं. मी चहा केला, ढब. सामान लावलं, ढब-ढब. शेवटी चपला घालून खाली उतरले, तर वहिनी पडवीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "अढीत आहेत. जा, तूच सांग. मी सांगून दमल्ये."

अढी म्हणजे आंबे पिकत घालायची खोली. भाताचा पेंढा पसरायचा, त्यावर आंबे लावायचे, वरून पुन्हा पेंढा. ही अढी चांगली ऐसपैस होती, जाड चिऱ्याच्या भिंतींची. दार उघडलं आणि पाहते तर भिंतींना छतापर्यंत पेंढ्याच्या गठड्या लावलेल्या, मध्ये टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, दोन बाजूंना कपाटाएवढे स्पीकर. खुर्चीत साठी ओलांडलेला एक काटकुळा माणूस डोळे मिटून बसलेला. अंगात अर्धी चड्डी आणि विटलेला काळा टी-शर्ट, त्यावर कवटी. हाच टी-शर्ट घालून हा माणूस रोज सकाळी देवासाठी जास्वंदीची फुलं काढतो, हे मी पुढे रोज पाहणार होते.

मी म्हटलं, "अहो, मला जरा त्रास होतोय."

"होणारच," ते डोळे न उघडता म्हणाले. "कोणालाही होईल. पायाचा ड्रम आहे नुसता. हा माणूस तिसऱ्या कडव्यात दमलाय, ऐकलंत? बसा."

मी बसले. का बसले, देव जाणे. तक्रार घेऊन गेलेली मी, समोरच्याचं ऐकून घेत बसले. टेबलामागे बसून बसून तेच अंगवळणी पडलं होतं.

मालक पूर्वी बोटीवर होते, इंजिनरूममध्ये. उभी हयात त्या धडधडाटात गेली. त्यांचा वरचा साहेब नॉर्वेचा होता, त्याने कॅसेटी देऊन देऊन यांना या संगीताचा नाद लावला. इंजिनात बिघाड झाला की हे लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला लावायचे, मूठ कानाला, आणि सगळ्या गोंगाटातून नेमकं कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचे. बोट सोडून घरी आले, बाग वहिनींनी आणि गड्यांनी आधीच नीट सांभाळली होती, तिथे यांच्यासाठी काही काम उरलं नव्हतं. मग त्यांनी तोच स्क्रूड्रायव्हर गाण्यांना लावला. हल्ली अशी सॉफ्टवेअर निघाली आहेत, की तयार गाण्यातला ड्रम वेगळा, गिटार वेगळी, बेस वेगळा, गळा वेगळा काढून देतात. शिवाय जगभर यांच्यासारखेच रिकामे लोक आहेत, तेही एकमेकांना असले सुटे ट्रॅक पाठवत असतात. याला मालक 'सोलणं' म्हणायचे. "आज एक सोललं, मॅडम. या खाली." फणस सोलल्यासारखं सांगायचे. मग ते सुटे भाग महिना महिना ऐकायचे, कोणाचं कुठे चुकलं, कोण कोणाला झाकतोय ते बघायचे, आणि आपल्या मनासारखं गाणं पुन्हा जुळवायचे.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "एकटा काढला की कळतो माणूस." सगळे मिळून वाजवतात तेव्हा सगळेच शूर, म्हणायचे. एकदा त्यांनी मला एका गायकाचा नुसता गळा ऐकवला. हा इसम गाण्यात अशी किंकाळी फोडतो की लहान पोरं दचकून उठतील. पण सुट्या ट्रॅकवर त्या किंकाळीच्या आधी तो हळूच घसा खाकरतो, आणि बहुधा स्टुडिओच्या काचेपलीकडच्या कोणाला तरी 'सॉरी' म्हणतो. मालकांना तेवढंच फार आवडायचं. "केवढा सभ्य माणूस बघा! आईबापांनी वळण लावलेलं आहे." दुसऱ्या एका ड्रमवाल्याच्या कुरकुरणाऱ्या स्टुलाला तेल हवं होतं म्हणे. गाणं चाळीस वर्षांचं जुनं, स्टूल कधीच मोडीत गेलं असणार, पण मालक हळहळायचे. "दोन थेंब घातले असते तर काय बिघडलं असतं?"

हेच ते माझ्या कचेरीलाही लावायचे. मी साहेबाचं काही रडगाणं सांगायला लागले की म्हणत, "त्याला एकटा काढा एकदा." मी म्हटलं, "काढला होता. एकटाही तसाच आहे." त्यावर बराच वेळ खो खो हसले.

आंब्याच्या दिवसांत मात्र त्यांची दैना व्हायची. चैत्र लागला की वहिनी कमरेला पदर खोचून यायच्या आणि म्हणायच्या, "उचला तुमचं ढॅणढॅण." स्पीकर माजघरात, पेंढा जमिनीवर, आणि अढीत आंबे. दोन-अडीच महिने मालक पडवीत बसून आंब्यांकडे शत्रू असल्यासारखे बघायचे. पुढे अढी रिकामी झाली तरी तिथल्या त्यांच्या हेडफोनना वर्षभर हापूसचा वास यायचा. तसले राक्षसी आवाज आणि पिकल्या आंब्याचा वास, हे दोन्ही माझ्या डोक्यात आता कायमचं एकत्र झालं आहे, ते काही केल्या सुटं होत नाही.

कानाचा त्यांना गर्व होता, आणि तो खोटा नव्हता. माझ्या पहिल्याच गणपतीतली गोष्ट. कोकणात आरतीला सगळी वाडी घरोघर फिरते, तशी ती आमच्याकडे जमलेली. आरती ऐन रंगात आली आणि यांनी हात वर केला. "थांबा, थांबा!" अहो, आरती कोणी थांबवतं का? सगळे टाळ्या वाजवता वाजवता थिजले. मालक शेजारच्या निवृत्त हेडमास्तरांकडे वळले. "मास्तर, तुमची झांज किंचित मागे पडते. उजवा हात थकलाय तुमचा."

मास्तरांचा चेहरा लालबुंद झाला. झांजा पाटावर आपटून गेले ते गेलेच. वहिनी महिनाभर त्या घरात मोदक पाठवून, गोड बोलून थकल्या. पुढे दिवाळीच्या सुमारास मास्तर आपणहून आले, पडवीत बसले आणि म्हणाले, "डॉक्टर म्हणतात उजवा खांदा आखडलाय. तुला कसं रे कळलं?" मालक नुसते स्वतःच्या कानाच्या पाळीला हात लावून हसले. वहिनी चहा टाकताना पुटपुटल्या, "आता ह्यांचा तोरा विचारू नका पुढचं वर्षभर."

त्याच हिवाळ्यात बांगड्यांचं झालं. मी तेव्हा अढीतच होते, कारण मालकांनी मला एक झांज ऐकायला बसवलं होतं. ड्रमच्या सेटमध्ये पायाने उघडझाप करायच्या दोन थाळ्या असतात, त्यांना ते हाय-हॅट म्हणायचे. फार नाजूक काम चाललं होतं म्हणे. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. त्यांच्या दोन्ही हातांत मनगटापासून कोपराच्या निम्म्या वाटेपर्यंत हिरव्या काचेच्या बांगड्या असायच्या, आणि बाई कामाला वाघ, त्यामुळे त्या सतत किणकिणायच्या. मालकांनी हेडफोन न काढता, वळूनही न बघता हात झटकला. "ह्या तुझ्या बांगड्या माझ्या हाय-हॅटवर येतात. काढून ठेव की."

वहिनींनी कप ठेवला आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी बघते तर हातात एकेक सोन्याची पाटली, बस. एकटी पाटली वाजत नाही. मी म्हटलं, "वहिनी, हे काय?" तर म्हणाल्या, "असूं दे गो. नाहीतरी फुटायच्याच कामात." केळशीहून त्यांची भावजय आली होती, तिने तर कपाळाला हात लावला, सवाष्णीचे हात असे भुंडे कसे म्हणून. तिलाही हेच सांगितलं, "ह्यांच्या गाण्यात अडकतात." आणि हसल्या. मला ते हसू बरं वाटलं नव्हतं, पण नवरा-बायकोच्या मध्ये भाडेकरूने किती पडायचं?

मालकांचं सगळ्यात मोठं काम एका जुन्या अल्बमवर चाललं होतं. त्यात म्हणे बेस वाजवणाऱ्याला मुद्दाम दाबून टाकलेलं. वाजवलंय त्याने सगळं, पण ऐकूच येत नाही. मालकांना याचा मनापासून राग होता, सख्ख्या भावाला जेवायला वाढलं नसावं तसा. "पूर्ण पंगतीत बसलाय हो तो, आणि पान रिकामं." त्यांनी तो बेस कुठून कुठून मिळवला, चाळला, पुसला आणि गाण्यांत पुन्हा बसवला. ते या सोलणाऱ्या मंडळींच्या ग्रुपवर टाकलं, तर ब्राझीलमधून कौतुक आलं, फिनलंडातून कोणी लिहिलं की आज आम्हाला हा अल्बम पहिल्यांदा ऐकू आला. भाट्यात बसलेल्या माणसाला फिनलंडातून! त्या दिवशी पोपटी टी-शर्ट घालून ते मला आणि वहिनींना बांगडा फ्राय खायला घेऊन गेले. कवटी नसलेला तेवढा एकच टी-शर्ट होता त्यांच्याकडे.

म्हणून पुढे जे झालं ते मला फार लागलं.

दोन-तीन वर्षांत त्यांची जुळवलेली गाणी टोचायला लागली. मला यातलं कळत नाही, पण कान तर मलाही आहेत. झांजांचा आवाज सुई घुसल्यासारखा यायचा. शेजारचा कुत्रा, जो इतकी वर्षं ढॅणढॅणवर निवांत झोपायचा, तो शेपूट घालून बागेबाहेर पळायला लागला. मी एकदा तोंडावर सांगितलं, "मालक, हे टोचतंय."

"तुम्हाला काय कळतं?" ते एकदम चिडून म्हणाले. असं ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. "त्याला चमक म्हणतात."

मग फिनलंडवाल्यानेही तेच लिहिलं. मालकांनी त्याला गाढव ठरवलं. ब्राझीलवाले लिहायचे थांबले. मालक अजून ईर्ष्येने झांजा वाढवत गेले. गणपतीत हेडमास्तर, खांदा बरा झाल्यामुळे, जीव तोडून झांज बडवत होते, कानाचे पडदे फाटतील अशी, आणि मालक माझ्याकडे वाकून विचारतात, "मास्तर यंदा इतकं हळू का वाजवतायत?" मला वाटलं थट्टा करतायत. मी हसले. ते हसले नाहीत.

त्याच आठवड्यात आम्ही तिघं पडवीत बसलो होतो. दिवेलागणीची वेळ, पाऊस थांबलेला, आणि बागेत रातकिडे असे ओरडत होते की एकमेकांशी बोलायला आवाज चढवावा लागत होता. मालकांनी अंधाराकडे बघितलं आणि म्हणाले, "यंदा रातकिडे नाहीत वाटतं. औषधं मारून मारून सगळे संपवले लोकांनी."

वहिनी सुपारी कातरत होत्या. त्यांचा अडकित्ता तसाच थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मालक आत गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "तू सांग गो. मी सांगितलं तर भांडण समजतील."

आता हे काम माझ्याच गळ्यात. आयुष्यभर लोकांच्या तक्रारी ऐकल्या, पण असली बातमी कधी कोणाला द्यावी लागली नव्हती. दोन-तीन वेळा अढीच्या दारापर्यंत जाऊन परत आले. शेवटी त्यांनीच बोलावलं. फार वैतागले होते. "हे सॉफ्टवेअर मेलं झांजेची चमक खातं. बघा, नुसती पत्र्यावर काठी मारल्यासारखी टकटक येते. वरचं सगळं गायब." हेडफोनची वायर काढून लावली, डावं-उजवं केलं, फुंकर मारली. "वायर गेली असणार."

मी हात पुढे केला. त्यांनी हेडफोन दिले. मी कानाला लावले, आणि ती झांज अशी लखलखीत आली की मी डोळे मिटून घेतले. काहीही गेलेलं नव्हतं. उलट मला वाटलं, हे इतकं सुंदर असतं होय, एकटं काढल्यावर? मी हेडफोन उतरवून टेबलावर ठेवले आणि म्हटलं, "मालक, वायर ठीक आहे."

ते पडद्याकडे बघत राहिले. पडद्यावर त्या झांजेच्या रेघा उंच उंच उठत होत्या. मग हळूच म्हणाले, "हं." एवढंच. ओरडले असते तर बरं वाटलं असतं मला. त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, आणि आंब्याचे दिवस सोडले तर मी पहिल्यांदाच ती अढी गप्प पाहिली. इतकी वर्षं शांतता हवी म्हणून जीव काढला, ती मिळाली, तर जिना चढताना मला रडू आलं.

कानाचं मशीन लावायला मात्र ते तयार होईनात. डॉक्टरकडे जायचं नाव काढलं की विषय शिमग्याच्या पालखीवर, भातावर, कशावरही न्यायचे. चैत्र आला, आंबे अढीत गेले, या वेळी स्पीकर त्यांनी स्वतःच, न सांगता उचलून दिले. वहिनी तेव्हा फार दमलेल्या दिसायच्या. बाग, गडी, पेट्या, आणि वर हा गप्प बसलेला नवरा. एक दिवस त्या म्हणाल्या, "तुम्ही दाखवायला जात नाही ना? मग मीही बोलायचं बंद करत्ये." आणि खरंच बंद केलं. गंमत अशी की यांना ते कळलंच नाही. दोन दिवसांनी मलाच सांगावं लागलं, "वहिनी बोलत नाहीयेत तुमच्याशी."

"कधीपासून?"

"परवापासून."

तो काही कानांचा दोष नव्हता, नवऱ्यांना तो जन्मजातच असतो. पण मालकांना वाटलं, आता बायकोही ऐकू येईनाशी झाली. उठले, खुंटीवरचा शर्ट घातला आणि म्हणाले, "चला. कुठे आहे तो डॉक्टर?"

डॉक्टरने निदान केलं, वरच्या पट्टीचं ऐकू येणं बरंच गेलंय, इंजिनरूमने खाल्लेलं आहे. आंबे संपता संपता दोन्ही कानांत मशीनं बसली. परत येताना रिक्षात ते कागदाची पिशवी पुन्हा पुन्हा चुरगाळून बघत होते. पुलावर म्हणाले, "वारा वाजतो हो इथे." रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघायला लागला. घरी आल्यावर अढीत गेले, स्पीकर लावले, आणि आपली गेल्या दोन-तीन वर्षांची गाणी एकेक करून ऐकली. बाहेर आले तेव्हा चेहरा उतरलेला होता.

"लोकांच्या कानात खिळे ठोकत होतो मी, मॅडम. आणि कोणी सांगितलं तर त्याला गाढव म्हणत होतो." त्यांनी ती सगळी गाणी ग्रुपवरून काढून टाकली आणि फिनलंडवाल्याची माफी मागितली. त्याने उलट लिहिलं की त्याचे वडीलही असेच आहेत. मालक म्हणाले, "तोही सभ्यच निघाला."

पुढचे काही दिवस बरे गेले. रोज काहीतरी परत मिळायचं त्यांना. कुकरची शिट्टी, चिमण्या, फडताळाची कडी. लहान मुलासारखे सांगत सुटायचे. मग एका संध्याकाळी मी पडवीत बसले होते, वहिनींनी चहा आणून ठेवला, आणि मालकांनी कानातलं मशीन काढून हातात घेतलं, झटकलं, पुन्हा घातलं.

"डॉक्टरने फसवलं," ते म्हणाले. "उद्या जाऊन परत देतो."

"आता काय झालं?" वहिनींनी विचारलं.

"सगळं ऐकू येतं. रातकिडे येतात, चमचा पडलेला येतो. तुझ्या बांगड्या तेवढ्या येत नाहीत. मुळात तिथूनच सुरू झालं होतं हे सगळं."

"काय सुरू झालं होतं?"

मालक कपाकडे बघत बोलले. "चार-पाच वर्षं झाली. तू चहा आणून ठेवायचीस आणि मला किणकिण ऐकू यायची नाही. तेव्हाच समजलो, कान चालले. म्हटलं, माझा कान गेला तर माझं राहिलं काय? कोणाला बोललो नाही. म्हणून तर वरचं वाढवायला लागलो, झांजा वाढवल्या. तुझ्या बांगड्यांवरून अंदाज बांधून वाढवत गेलो."

वहिनींनी दोन्ही हात त्यांच्यासमोर धरले. दिव्याच्या उजेडात एकेक पाटली. "मी घालतच नाही बांगड्या," त्या म्हणाल्या. "तुम्हीच काढायला सांगितल्यात. तुमच्या त्या कशावरसं यायच्या."

"मी?"

"तुम्ही. ही होती तिथे. विचारा."

मी मान डोलवली. आणखी काय करणार? मालकांनी वहिनींचे हात बघितले, मनगटाशी, उलटसुलट करून, कधी न पाहिल्यासारखे. कान गेले होते हे खरंच, डॉक्टरचा कागद खोटा नव्हता. पण भीती त्याच्या किती आधी सुरू झाली होती, आणि कशापायी!

"मग सांगायचं नाही होय, काढल्यात म्हणून?" ते म्हणाले.

"तुम्ही सांगितलंत, मी काढल्या. त्यात काय सांगायचं? मला वाटलं, तुम्हाला बरं वाटत असेल." वहिनी दमलेल्या होत्या. रागावल्या असत्या तर निदान कढ निघून गेला असता. त्यांनी रिकामे कप उचलले आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मालक रामआळीत बांगड्यांच्या दुकानात गेले. कवटीच्या टी-शर्टात. नंतर तो दुकानदारच सांगत होता, असं गिऱ्हाईक जन्मात बघितलं नाही. रंग विचारला नाही, नक्षी बघितली नाही. प्रत्येक डझन कानाशी नेऊन हलवायचे आणि "ही नाही" म्हणून परत ठेवायचे. दुकानातल्या बायका हसून हसून बेजार. शेवटी एक डझन पसंत पडलं, ते पिवळंजर्द निघालं. दुकानदाराने माप विचारलं, तर यांनी छातीठोकपणे सांगितलं, सव्वादोन. लग्नात कासार बोलला होता, ते लक्षात होतं त्यांच्या.

घरी आल्यावर वहिनींनी प्रयत्न केला. साबण लावला, तेल लावलं, मीही हात धरून बघितला. इतक्या वर्षांच्या कामाने सांधे सुजलेले, बांगडी अंगठ्याच्या हाडावर अडकली ती पुढे सरेना. मालक समोर उभे राहून बघत होते.

"बदलून आणतो," शेवटी म्हणाले.

"नको," वहिनी म्हणाल्या. "आता माझ्यानं बांगड्या सांभाळवत नाहीत हो. हात दुखतात." मग थोडा वेळ त्या पिवळ्या बांगड्या त्यांनी तळहातावर नुसत्या खेळवल्या. छान वाजत होत्या, कान असलेल्या माणसाने निवडून आणल्या होत्या. वहिनी उठल्या, सुतळीचा तुकडा घेतला आणि सगळ्या बांगड्या त्यात ओवून अढीच्या दाराच्या कडीला बांधून टाकल्या. मालकांना काय वाटलं कोणास ठाऊक, ते आत जाऊन बसले.

माझी बदली त्यानंतर थोड्याच दिवसांत झाली. निघायच्या आदल्या दिवशी मी निरोप घ्यायला अर्धवट उघड्या दारातून अलगद अढीत शिरले. मालक पाठमोरे, हेडफोन लावून, त्याच जुन्या अल्बमवर काम करत होते, तोच बेस, या वेळी झांजा जपून. मी पेंढ्याच्या गठडीवर टेकले. मागे दार ढकललं गेलं, कडीला पिवळ्या बांगड्या किणकिणल्या. वहिनी चहा घेऊन उभ्या होत्या.

मालकांनी हेडफोन उतरवून मांडीवर ठेवले. वळून बघितलं.

"आलीस?"